दुभाषी

“शत्रूचा मुलूख ताब्यात घेतला, तरी तिथली न्यायालयं चालू ठेवावीत, असा राष्ट्राराष्ट्रांतला कायदा आहे,” सबनीस वकील कॅप्टनला म्हणाले. “सोलापूर तर तुमच्याच बादशहाचं.”

“शहर माझ्या ताब्यात आहे,” कॅप्टन म्हणाला आणि त्यानं वकिलांना बाहेर काढायला लावलं.

शेजारी उभ्या संगप्पानं मान वर केली नाही. १९३० चा मे महिना होता. सोलापुरात लष्करी कायदा लागला होता, झेंडा लावणं गुन्हा ठरलं होतं. दहा मिनिटांत एक खटला उरकत होता. कानडी आरोपींचं म्हणणं कॅप्टनला इंग्रजीत सांगणं, एवढंच संगप्पाचं काम. खोलीत दोन्ही भाषा जाणणारा तो एकटाच होता.

पुढचा आरोपी आत आला आणि संगप्पानं त्याला लगेच ओळखलं. तिप्पण्णा. अक्कलकोटकडच्या त्याच्याच गावचा. अकरा वर्षांपूर्वी या माणसानं खोटी साक्ष दिली होती, की पाटलाची कडब्याची गंज चन्नप्पानं पेटवली. चन्नप्पा म्हणजे संगप्पाचा धाकटा भाऊ. तो तुरुंगात तापानं गेला. घरच्यांना प्रेतही मिळालं नाही.

तिप्पण्णानं हात जोडले आणि कानडीत सांगितलं, “झेंडा आधीपासून हुता सायेब. हुकूम ऐकला अन् म्या लगेच इळिसिदे.”

इळिसिदे म्हणजे उतरवला. एरिसिदे म्हणजे चढवला. संगप्पा दोन्ही शब्द आईच्या मांडीवर शिकला होता.

“हुकूम ऐकला आणि लगेच झेंडा चढवला, असं म्हणतो,” त्यानं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

कॅप्टननं मान न उचलता लिहिलं. सात वर्षं सक्तमजुरी.

“काय म्हनला सायेब?” तिप्पण्णानं विचारलं.

“सात वर्सं.”

“उतरवला म्हनून सांगितलंस न्हवं तू?”

“सांगितलं.”

“मग तुजा काय दोष? केराबाईला तेवढं कळीव.”

‘हे चन्नप्पासाठी,’ एवढंच संगप्पाला म्हणायचं होतं. अकरा वर्षं जपलेलं वाक्य. पण तोवर शिपायांनी तिप्पण्णाला दाराबाहेर ओढलं होतं.

मग त्याच्या बायकोला तरी ते ऐकवायचंच, असं ठरवून तो गिरणीमागच्या चाळीत गेला. शिक्षा ऐकून केराबाई उंबऱ्यातच खाली बसली.

“चन्नप्पाच्या येळंला त्येंनी लई वंगाळ केलं,” ती म्हणाली. “पाटलाच्या भ्यानं. झोपंत बी नाव घ्यायचे त्येचं. तरी तुमी आलासा.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तितं आपल्या भाषेत ऐकनारं कुनीतरी हुतं, हेच लई.”

तिनं पाणी आणून दिलं. ते त्यानं उभ्यानंच प्यायलं. चन्नप्पाचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. बाहेर येऊन त्यानं चपला पायांत सरकवल्या. उजव्या पायात डावी गेली होती, हे त्याला गल्लीच्या टोकाला, लष्करी पहाऱ्यासमोर थांबल्यावर कळलं.