डॉप्लरची शिट्टी

“मनिषची माय, कोनाले सांगितलं तं खोटंच वाटंल, असं ऐकून आलो मी आज!”

गोमाजीनं स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसण्याआधी दोन्ही तळवे पायजम्याला पुसले.

गोदावरीबाईनं उशीवरची मान वळवली. आठ दिवसांपूर्वी तिच्या यकृताचा तुकडा काढून वरच्या मजल्यावरच्या लेकाच्या पोटात बसवला होता. तिला अजून वर जायची परवानगी नव्हती. रोज सकाळी मनिषची डॉप्लर सोनोग्राफी झाली, की नवरा खाली येऊन हकीकत सांगे. ती हकीकत अर्धी घडलेली, अर्धी घडवलेली. आंधळगावच्या तलावातला मरळ मासा त्याच्या तोंडी बैलगाडीएवढा होई.

“बोला,” ती म्हणाली. “पन हसवू नोका. टाके दुखते.”

गोमाजी घसा खाकरत राहिला. तीस वर्षं गावच्या तलावाचा पाणकर तो. कुणाच्या भाताच्या बांधीला पाणी किती चाललंय, हे अंधारात नुसतं ऐकून सांगणारा. रोज त्या यंत्रातून मनिषचं रक्त हूऽश, हूऽश असं भरल्या अंगानं वाहताना ऐकू येई, आणि तो डोळे मिटून मान डोलवी. आज डॉक्टर तृप्तींनी बरगडीखाली यंत्राचं टोक फिरवता फिरवता एका जागी थांबवलं आणि आवाज चढला. बारीक, टोकदार. गोमाजीचे डोळे आपोआप उघडले. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न हलवता फोन लावला.

“काका,” नंतर दाराबाहेर येऊन त्या म्हणाल्या, “नव्या लिव्हरला रक्त नेणारी नस जोडावर अरुंद झालीय, असं वाटतंय. आत्ताच सीटी करतोय. पुन्हा ऑपरेशनही लागू शकतं. तिथं रक्त थांबलं, तर लिव्हर हातचं जाईल. मावशींना मी स्वतः येऊन सांगते. तोवर काही बोलू नका, कालच बीपी चढला होता त्यांचा.”

“अवो, बोला ना!” गोदावरीबाई म्हणाली.

“सांगतो ना! डॉक्टरीनबाईनं मशीन ठेवलं पोटावर, अन् रक्तानं असा जोर मारला, असा जोर मारला, का मशीन शिट्टी वाजवाले लागली! तुमसर रोडची गाडी झक मारंल. बाजूच्या खोलीतला एक म्हातारा तं पिशवी घेऊन दारात उभा! म्हने, कोन्त्या फलाटावर लागली?”

शेजारच्या पलंगावरची शकुनबाई फिसकन हसली. “बापा! रक्त होय का इंजन?”

“इंजनच, बाई! डॉक्टरीन म्हने, काका, असं रक्त अख्ख्या नागपुरात नाही पायलं मी.” गोमाजी हसला. हसू जरा जास्तच लांबलं.

गोदावरीबाई हसली नाही.

“कालवरी तं हूश हूश म्हनत होते तुमी.”

“आज जोर वाढला ना.”

“शिट्टी जाड होती का बारीक?”

“बारीक,” गोमाजी बोलून गेला. मग घाईनं म्हणाला, “म्हंजे, तेज! एकदम तेज!”

सीटीचं कळवायला वरून फोन यायचा होता; खिशातल्या मोबाइलवर त्याचा हात गेला आणि तिथंच थांबला. शकुनबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागली.

गोदावरीबाईनं एका हातानं पोटावरची पट्टी दाबून धरली, दुसरा कोपर गादीत रोवला आणि दात आवळत अर्धी उठून बसली. गोमाजी तिला धरायला वाकला, तर तिनं त्याचंच मनगट पकडलं.

“तीस साल पानकराच्या घरात भात रांधला मी. नळीत कचरा अडकला, वाट बारीक झाली, का पानी शिट्टी मारते. अन् खालची बांधी सुकून राह्यते. खोटं बोलून राहिले तुमी! मनिषले कुठी नेलं?”