विमानातल्या होकायंत्राची फिर्याद

मी एक जुनं होकायंत्र आहे, आणि मित्रांनो, आज मी रागात आहे.

पोटात तेल, तेलात तरंगती तबकडी, एवढंच माझं अंग. बोलिव्हियाच्या गवताळ मैदानावर उडणाऱ्या एका छोट्या विमानात, समोरच्या काचेपाशी मी अठ्ठावीस वर्षं बसलो. म्हातारे वैमानिक डॉन फ्रोइलान निघताना मला टिचकी मारायचे, "काय गड्या, जागा आहेस ना?" वारे फिरले, नद्या फिरल्या, मी फिरलो नाही.

मग त्यांचा पुतण्या विल्मान आला. त्याने माझ्याशेजारी मोबाइलचा स्टँड चिकटवला. स्टँडमध्ये चुंबक. चुंबक जवळ आलं की माझी तबकडी तिकडे ओढली जाते, हे काकांनी त्याला शिकवलं होतं. "आता याला विचारतंय कोण?" म्हणून तो हसला.

ऑगस्ट होता. गवत पेटवायचा हंगाम, आभाळभर धूर. दूरच्या मळ्यावर सहा वर्षांच्या येसिकाला साप चावला. आई नेलिदा तिला मांडीवर घेऊन विमानात बसली. शहर पूर्वेला, अर्ध्या तासावर. पोर कण्हत होती आणि हा विल्मान गुडघ्याने सुकाणू धरून स्वतःचा व्हिडिओ काढत होता!

"दोन्ही हात लाव की, मेल्या!"

"नेलिदाबाई, घाबरू नका. रस्ता मोबाइल दाखवतोय."

दहाव्या मिनिटाला मोबाइलची बॅटरी संपली. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. पण चुंबकाने माझी मान पिरगाळली होती. मी दाखवलेली पूर्व खोटी होती. तिच्यामागे तो उत्तरेला गेला. मला ओरडता येत नव्हतं.

"नदी कुठाय? एव्हाना मामोरे ओलांडायला हवी होती!"

"येईल हो."

"पाऊण तास झाला! जळो तुझी ती डबडी!" नेलिदाने स्टँडसकट मोबाइल उपटून मागे भिरकावला. मी गर्रकन फिरून जागेवर आलो. विल्मानचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याने विमान वळवलं.

येसिका वाचली. पाय गेला. "तासभर आधी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

विल्मान काय म्हणाला, ठाऊक आहे? "होकायंत्र म्हातारं झालंय, त्यानेच दगा दिला."

"त्याला तोंड नाही, म्हणून त्याच्यावर ढकलतोस?" नेलिदा म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मला काढून खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

माझ्या जागी आता नवं होकायंत्र आहे. त्याच्याशेजारी तोच स्टँड. मित्रांनो, कधी विल्मानच्या विमानात बसलात, तर आधी तो उपटा. मग पट्टा बांधा.