अन्नपूर्णाबाईचं घट्ट लुगडं

जुन्या लुगड्याला कोण विचारतं? फार तर त्याचं पोतेरं करतात, नाहीतर भांडेवालीला देऊन स्टीलची वाटी घेतात. पण मित्रांनो, माझं नशीब थोर निघालं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. मी नऊवार लांबीचं सुती लुगडं. रंग हिरवा, काठ लाल, असं दुकानदार म्हणायचा. आता हिरवा कुठे संपतो आणि चिखलाचे डाग कुठे सुरू होतात, ते मलाही नीट सांगता येत नाही.

माझा जन्म हातमागावर झाला. मला विणणारे कोष्टी आजोबा डोळ्यांनी अधू होते, पण हाताने पक्के. मला मागावरून उतरवताना त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाले, "हे फाटत नाई. नेसनारीच थकल एखादवेळेस." ही स्तुती आहे असं समजून मी फार फुगलो होतो. पुढे ब्रह्मपुरीच्या बाजारात वारलूभाऊंनी मला भाऊबीजेसाठी घेतलं आणि त्यांच्या बहिणीला, अन्नपूर्णाबाईला, ओवाळणीत घातलं. तेव्हापासून मी तिचा.

वैनगंगेच्या काठाकडच्या धानाच्या पट्ट्यात तिचं गाव आहे. गावात रोवण्याची, म्हणजे धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, चिखलात लावण्याची, बायांची टोळी होती आणि अन्नपूर्णाबाई त्या टोळीची म्होरकी होती. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरताना ती मला गुडघ्यापर्यंत वर घ्यायची, एक टोक दोन्ही पायांमधून मागे ओढून कमरेला खोचायची. हा कासोटा. तिचा कासोटा असा घट्ट बसायचा की दिवसभर वाकली, उठली, तरी सुटायचा नाही. पोरी म्हणायच्या, "बाईच्या लुगड्याले कुलूप लावलं हाये." मी ऐकायचो आणि मनातल्या मनात मिशीला पीळ द्यायचो. लुगड्याला मिशी नसते, ते सोडा.

त्या टोळीत एक गंमत चालायची. सगळ्या एका रांगेत मागे मागे सरकत रोवतात. जी कामात मागे पडते, तिच्या दोन्ही बाजूंनी बाकीच्या भराभर रोवत जातात आणि तिच्याभोवती पऱ्ह्यांचं कुंपण करून टाकतात. याला कोंडणं म्हणतात. कोंडलेली बाई मधल्या रिकाम्या चिखलात एकटी उभी राहते, आणि सगळी बांधी हसते. अन्नपूर्णाबाईने गावातल्या किती सुनांना कोंडलं असेल, त्याची गणती नाही. तिला मात्र कोणी कोंडू शकलं नव्हतं.

पण कासोटा इतका घट्ट का, हे फक्त मला ठाऊक होतं. तिची तीन बाळंतपणं झाली होती. प्रत्येक वेळी बारसं आटोपलं की ती पाण्याची गुंडी, म्हणजे हंडा, डोक्यावर घेऊन निघायची, आठवडाभरात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी. तेव्हा सगळ्याच बाया तसं करत. मित्रांनो, बाईच्या पोटात एक पिशवी असते. त्यात बाळ वाढतं. तुम्हीही तिथेच वाढलात. तिला धरून ठेवणारा आधार सैल पडला, की ती खाली सरकते आणि कधी कधी बाहेर डोकावते. 'अंग बाहेर येणं' म्हणतात त्याला. अन्नपूर्णाबाईचं तसंच झालं होतं. ती जुन्या फडक्याची घडी ठेवायची आणि वरून मला आवळायची. अंग जितकं खाली, तितका मी घट्ट. लघवीला तर तिला सारखं पळावं लागे. कोणी विचारलं, तर "काई नाई" एवढंच उत्तर.

एकदा शाळेत आरोग्य शिबिर भरलं. ती गेली, पण सांगताना जीभ अडखळली आणि "कमर दुखते" इतकंच म्हणाली. तपासायला टेबलावर झोपवलं. आता झोपलं की सरकलेलं अंग आपोआप आत जातं! डॉक्टरांना विशेष काही दिसलं नाही. त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. ही मात्र घरी येऊन समाधानाने म्हणाली, "डॉक्टरलेच दिसलं नाई, मंग काई नसनच." आणि मला आणखी एक वेढा जास्त दिला.

मग ते साल आलं. रोवणा भरात होता. अन्नपूर्णाबाईच्या मुलाची, सुनिलची, बायको मोनाली टोळीत नवीनच होती. मी तिच्या सासूच्या अंगावर इतका आवळलेला होतो की माझेच धागे दुखत होते. दुपारनंतर अन्नपूर्णाबाईचे हात मंदावले. ती वाकायची, थांबायची, पाय फाकून उभी राहायची. बाकीच्यांना वाटलं, म्होरकी आज तावडीत सापडली! दोन्हीकडून सपासप पऱ्हे लागले आणि बघता बघता अन्नपूर्णाबाई कोंडली गेली. केवढा हशा झाला! टोळीतली अंजनाबाई तर कमरेवर हात ठेवून हसत होती.

अन्नपूर्णाबाई हसली नाही. ती त्या रिकाम्या चिखलात मटकन खाली बसली. मग हसणं एकेक करून थांबलं. मोनालीने कशाची पर्वा केली नाही. लावलेले पऱ्हे तुडवत ती सासूजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आई, काय होऊन राह्यलं? मले सांगा. मी कोनाले सांगनार नाई."

आणि इतक्या वर्षांनी अन्नपूर्णाबाईने सांगितलं. मला तर रडूच आलं. चिखलाने भिजलेलं लुगडं रडलं तर कोणाला कळणार, एवढीच सोय.

दोन दिवसांनी काळी-पिवळी जीपमध्ये बसून तिघं ब्रह्मपुरीला दवाखान्यात गेली. अन्नपूर्णाबाई, मोनाली आणि अन्नपूर्णाबाईचे मालक बापूराव. बापूरावांना बाहेर बाकावर बसवलं. आत डॉक्टरबाई होत्या, वयाने मोनालीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. टेबलावर झोपवून झालं, तेव्हा अन्नपूर्णाबाईच म्हणाली, "मागं पन काई दिसलं नोतं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं करा बाई, खाली उतरा. चुलीपुढे जशा बसता तशा बसा, आणि खोका." मला सोडून खिळ्याला टांगलं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकत होतो. अन्नपूर्णाबाई उकिडवी बसली, खोकली. "हे बघा, सापडलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, की इतके दिवस काय केलं म्हणून ओरडल्या नाहीत. मी आजही त्यांचा आभारी आहे.

मग तपासण्या झाल्या. नंतर त्यांनी बापूरावांनाही आत बोलावलं आणि समजावलं. यात जिवाला लगेच धोका नाही, तेव्हा घाई नाही. एक उपाय म्हणजे आत बसवायची मऊ कडी. ती पिशवीला तोलून धरते, काढून धुता येते. दुसरा उपाय ऑपरेशन. त्यात बहुतेक वेळा पिशवी काढतात, पण काही जणींची ठेवूनही वर बांधता येते. "नुसती पिशवी काढली की झालं, असं नाही. सैल पडलेला आधार शिवणं महत्त्वाचं. आणि नंतरही जड उचललं, तर त्रास पुन्हा होऊ शकतो."

बापूराव हात जोडून म्हणाले, "म्याडम, तुमी म्हनान तसं. काढाची तर काढून टाका."

"भाऊ, मी नाही ठरवणार. तुम्हीही नाही. बाई, तुम्हाला काय करायचं आहे?"

अन्नपूर्णाबाईला लग्नाचं कोणी विचारलं नव्हतं, पोरांचं विचारलं नव्हतं. एवढा मोठा प्रश्न अंगावर आल्यावर तिला सुचेचना. शेवटी ती म्हणाली, "मले रोवना कराचा हाये." मग मोसम निघेपर्यंत कडी लावायचं ठरलं.

गावात बातमी लपते होय? ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला. एक म्हणे, पिशवी गेली की बाई पोकळ होते, भारा उचलायची ताकद जाते. दुसरी म्हणे, ठेवली तर कॅन्सर होतो. अन्नपूर्णाबाईला झोप लागेना. म्हणून ती अंजनाबाईकडे गेली, कारण अंजनाबाईची पिशवी तरुणपणीच काढलेली होती.

"सांग ना अंजना, काढू का नोको?"

अंजनाबाई तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मले काई सांगता येत नाई, बाई. माह्या अंगावरून पांढरं जात होतं. नेलं, अन् काढली. मले कोनी इचारलंच नाई. पोरगी पायजे होती मले अजून." तिने सूप खाली ठेवलं. "तुले इचारून राह्यले ना? मंग कोनाचं आयकू नोको. तुह्या अंगाले इचार."

हसून हसून कोंडणारी अंजनाबाई अशी बोलेल, हे मला कधी वाटलं नव्हतं. तिचेही उपकार मी विसरणार नाही.

कडीने चालताना, बसताना खूप आराम पडला. पण रोवताना वाकून जोर लागला की ती सटकायची. डॉक्टरबाईंनी मोठी बसवून पाहिली. तीही एकदा भर बांधीत चिखलात पडली. अन्नपूर्णाबाईने ती शोधली, धुतली, आणि इतकी हसली की शेजारणींना कळेना काय झालं. त्या संध्याकाळी तिने घरात सांगून टाकलं, "माहं ठरलं. पोरं झाली, पाळी गेली. आता त्या पिशवीचं मले काई काम नाई. काढतो, अन् आधार शिवून घेतो. धान कापनं झालं का जाऊ."

बापूराव म्हणाले, "बरं झालं."

"बरं नंतर म्हना. तीन मयने मी गुंडी उचलनार नाई, भारा उचलनार नाई. त्यानंतर बी जड नाई. पानी कोन आनन?"

मोनालीला तेव्हा दिवस गेले होते. सुनिल चंद्रपूरला कामावर. बापूरावांनी आयुष्यात कधी पाण्याची गुंडी धरली नव्हती. त्या गावात पुरुष पाणी भरतच नाहीत. मला धाकधूक लागली. कारण मित्रांनो, सगळं तिथेच अडलं होतं. डॉक्टर होत्या, दवाखाना होता, तिचं मनही ठरलं होतं, आणि अडलं होतं कशावर, तर एका गुंडीवर.

"नाई आनलं, तर मी ऑपरेशन करत नाई," ती म्हणाली. "शिवलेलं पुन्हा उसवाले कायले जाऊ?"

बापूराव उठले. कोपऱ्यातली गुंडी उचलली आणि भर उजेडात हातपंपाकडे निघाले. पंपावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. पारावरून कोणीतरी ओरडलं, "बापूराव, बाई झाला का बे?"

"हाव," बापूराव धापा टाकत म्हणाले. "अन् पानी लय जड रायते, हे मले आता समजलं."

ऑपरेशन नीट झालं. मी कापडी थैलीत घडी होऊन बापूरावांच्या मांडीवर होतो. ते माझी घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होते, तेव्हा मीच त्यांना धीर दिला असं मी समजतो. अन्नपूर्णाबाई घरी आली. तिने दुखणं निभावलं, सांगितलेले व्यायाम नेमाने केले. पण मला काही नेसली नाही. सैलसर सुती साडी नेसू लागली. मी पेटीत गेलो. खोटं कशाला बोलू, आधी मला वाईट वाटलं. मग एकदा ती अंगणातून खळखळून हसत चालताना ऐकली. तिची पावलं सरळ पडत होती. तेव्हा पेटीतल्या अंधारातच मी देवाचे आभार मानले. आपलं काम संपलं, याचा आनंद होण्याची वेळ सगळ्या कापडांच्या नशिबी येत नाही.

पुढच्या रोवण्यापर्यंत मोनाली बाळंत झाली. मुलगी झाली. बाळाचं बारसं झालं त्याच आठवड्यात टोळीच्या बाया दारात आल्या. पऱ्हे वाढून चालले होते, हात कमी पडत होते. कोणी बोलवायच्या आत मोनालीनेच पदर कमरेला खोचला आणि साडी आवळायला लागली.

अन्नपूर्णाबाई आतून आली. तिने पेटी उघडली, मला काढलं, झटकलं, चौपदरी घडी करून बाजेवर अंथरलं आणि सुनेला म्हणाली, "लेट इथी. पडून राय."

दारातली एक बाई म्हणाली, "अवं माय, आपन नाई का गेलो बाळंतपनातून उठून? काय झालं आपल्याले?"

"काय झालं, ते मले इचार," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

अंजनाबाई सगळ्यांच्या मागे उभी होती. तिनेच मग बाकीच्यांना हाताने बाहेर सारलं आणि जाता जाता म्हणाली, "मोनालीच्या वाट्याचं आमी रोवून देऊ."

मित्रांनो, कापडाने बाईला आवळून धरायचं नसतं, तिला टेकायला जागा द्यायची असते, हे मला म्हातारपणी कळलं. तुमच्या घरात बाळंतीण असेल, तर तिच्या हातातलं ओझं तुम्ही घ्या. मुलगा असलात तरी घ्या. आणि आई, आजी, काकू त्रास लपवत असतील, तर त्यांना दवाखान्यात न्या, आणि तिथे निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

आता मी बाजेवर आहे. मोनाली गाढ झोपली आहे, आणि तिच्या कुशीतल्या त्या चिमुरडीने आत्ताच मला ओलं केलं आहे. अन्नपूर्णाबाईने पाहिलं, पण उठवलं नाही तिला. म्हणाली, "राहू दे. झोपू दे दोघीले."