मी थॉर्नबेक, नकाशावरून पुसलेला वॉर्ड

मित्रांनो, मी एक जुना वॉर्ड आहे. आहे म्हणू की होतो म्हणू, हेच मला नीट कळत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका ढगाळ शहराच्या नगरपालिकेत माझ्या नावाची जागा होती. मग एक दिवस साहेब लोकांनी नवा नकाशा काढला आणि माझे तीन तुकडे करून शेजाऱ्यांना वाटून टाकले. गल्ल्या जागच्या जागी आहेत, माणसेही तीच आहेत, मग नाहीसे झाले ते काय? मी पुष्कळ विचार केला, पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

तसा माझा जन्मच गोंधळात झाला. माझे नाव एका ओढ्यावरून पडले, पण तो ओढा मी जन्मण्याआधीच रस्त्याखाली गाडला गेला होता. हद्दीची रेघ गॅस स्ट्रीटच्या मधोमध गेली होती. त्यामुळे अलीकडची घरे माझी आणि पलीकडची शेजारच्या वॉर्डाची झाली. कोपऱ्यावर तर ती रेघ दारूच्या गुत्त्यातूनच वळली होती, तिथे माणूस पेला भरून घ्यायचा माझ्याकडे आणि प्यायला बसायचा शेजाऱ्याकडे. मला नगरसेवक तीन, पण निवडणूक दर वर्षी एकाच जागेची, आणि दर चौथ्या वर्षी मुळीच नाही. त्या वर्षी मला उगाच आजारी असल्यासारखे वाटायचे.

मतदान मात्र मला फार आवडायचे. मे महिन्यातल्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये लाकडी आडोसे उभे राहायचे. दोरीला बांधलेली पेन्सिल असायची, तिने आपल्या माणसाच्या नावापुढे फुली मारली की मत पडायचे. बाहेर कठड्याला लोकांची कुत्री बांधलेली असायची आणि आपापल्या पक्षाच्या लाल-निळ्या फितींची फुले छातीवर लावलेली मंडळी एकाच किटलीतला चहा पीत एकमेकांना चिमटे काढायची.

माझी सगळ्यांत जुनी नगरसेविका हिल्डा सगडन. ती लाल फितीची. आवाज असा की ती बोलू लागली की खिडक्या लावून घ्याव्यात, आणि लोक कामे घेऊन तिच्याकडेच जायचे. तिचा नवरा वॉल्टर, निवृत्त बस ड्रायव्हर, हाडाचा निळा. निवडणूक आली की त्यांच्या घराच्या खालच्या खिडकीत हिल्डाचा लाल कागद लागायचा आणि वरच्या खिडकीत तिच्या विरोधकाचा निळा.

"अगं, घर दोघांच्या नावावर आहे. वरची खिडकी माझी," वॉल्टर म्हणायचा.

"लाव की खुशाल. तिथे कबुतरंच बघतात," हिल्डा म्हणायची.

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण वॉल्टरने बायकोला कधी मत दिले नाही आणि ही गोष्ट तो गुत्त्यात अभिमानाने सांगायचा.

मग ते वर्ष आले. माझ्या हद्दीत पोहण्याचा एक जुना तलाव होता, कोमट पाण्याचा, वर काचेचे छप्पर. नगरपालिकेतल्या निळ्यांना तो बंद करायचा होता, लाल फितीवाल्यांना चालू ठेवायचा होता. सभागृहात दोन्ही बाजूंचे बळ सारखे झाले होते. हिल्डा निवडून आली तर तलाव वाचणार, पडली तर जाणार, इतके ते सरळ होते. वॉल्टरच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि हिल्डा त्याला रोज दंड धरून त्या पाण्यात उतरवायची. तो पाण्यातसुद्धा कुरकुरायचा. वरच्या खिडकीतला निळा कागद त्या वर्षीही होताच.

शुक्रवारी सकाळी क्रीडागृहात मोजणी झाली. ते क्रीडागृह माझ्याच हद्दीत होते, म्हणून मला सगळे दिसले. मते इतकी चुरशीची पडली की शेवटी शंकास्पद मतपत्रिका राहिल्या. निवडणूक अधिकारी पॉम्फ्रेट यांनी हिल्डाला आणि निळ्या फितीच्या लेनर्ड थ्वेटला टेबलाशी बोलावले.

एका मतपत्रिकेवर हिल्डाच्या नावापुढे ठसठशीत फुली होती. आणि खाली, पत्राखाली करतात तशी वळणदार सही: वॉल्टर सगडन.

हिल्डाने वाकून ती सही वाचली.

"मत देणारा ओळखू येतो, म्हणजे बाद," पॉम्फ्रेट खाली बघत म्हणाले.

"अहो, धरा की ते! वॉल्टर आहे तो, अख्ख्या गावाला माहीत आहे," थ्वेट म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

"हरकतीचा प्रश्नच नाही, थ्वेटसाहेब. कायदा आहे."

हिल्डाने तो कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "बरोबर आहे. बाजूला ठेवा."

मते पुन्हा मोजली. बरोबरी झाली. आमच्याकडे बरोबरी झाली की चिठ्ठी काढतात. पॉम्फ्रेटनी दोन नावे घड्या घालून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकली, डबा हलवला आणि एक घडी उचलली. थ्वेटचे नाव निघाले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे निळ्यांनाही समजेना.

वॉल्टर बाहेर बाकावर काठी धरून बसला होता.

"काय झालं गं?"

"पडले."

"कितीनं?"

"कितीनंही नाही. बरोबरी झाली, चिठ्ठी काढली."

वॉल्टरचे कान लाल झाले. "बरोबरी कशी? या वेळी मी तुलाच दिलं होतं. खाली सहीपण केली. म्हटलं, तू मोजणीला असशील, तुला दिसेल. तोंडानं सांगायला जीभ रेटेना."

हिल्डा त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या कोटाची कॉलर उगाचच सारखी केली.

"दिसली," ती म्हणाली.

"मग मोजलं ना त्यांनी?"

"मी मोजलं," हिल्डा म्हणाली. मग तिने त्याला दंड धरून उठवले.

तलाव त्याच वर्षी बंद झाला. तिथे आता गालिचांचे दुकान आहे. मला फार वाईट वाटले. सरकारी हिशेबात ते मत बाद आहे. मग त्या दिवसानंतर वरच्या खिडकीत पुन्हा कधी निळा कागद लागला नाही, ते कशामुळे? ते मत पडले की वाया गेले? मी वॉर्ड असून मला याचे उत्तर देता येत नाही, आणि आता तर मी वॉर्डही नाही.

पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, आडोशामागे पेन्सिल हातात घ्याल. तेव्हा फुली मारा, फक्त फुली. कागद घडी करून पेटीत टाका आणि सरळ घरी जा. तिथे ज्या माणसाला तुमचे काही सांगायचे राहून गेले असेल, ते त्याच्यासमोर बसून तोंडाने सांगा.