जनकाबाईंच्या ग्रीलमधला लाव्हा दगड

मी लाव्हा दगड बोलतोय. गॅसच्या ग्रीलमध्ये खाली बर्नर असतो, वर जाळी असते, आणि मधे आम्ही पसरलेले असतो. तांबूस-काळे, अंगभर भोकं असलेले. ज्योतीनं आम्हाला तापवायचं आणि आम्ही ती आच सगळ्या जाळीला सारखी वाटायची, एवढंच आमचं काम.

कुठल्या ज्वालामुखीतून मी बाहेर पडलो ते मला ठाऊक नाही. तप्त रसात वाफेचे बुडबुडे अडकले, रस निवला, बुडबुड्यांच्या जागी भोकं राहिली. पुढे पोत्यात बसून मेहकरच्या एका हॉटेलात आलो. ते हॉटेल बंद पडलं, तेव्हा समतानं आम्हाला ग्रीलसकट डोणगावला आणलं.

समता म्हणजे जनकाबाईंची सून. घरची वांगी, घरची मिरची, म्हणून सासूसुनांनी रस्त्याला लागून भरीत-भाकरीचं छोटं हॉटेल टाकलं होतं. समताचा नवरा नोकरीपायी बाहेरगावी. घरात आणि हॉटेलात दोघीच.

पहिल्याच दिवशी जनकाबाईंनी मला तळहातावर घेऊन झेललं.

"दगड असून इतका हलका कसा हाय वं हा?"

"हॉटेलवाला म्हने, ह्याच्याबिगर ग्रील चालतच नाही, आत्याबाई."

"त्यानं सांगतलं अन् तू आयकलं! त्याले त्याचं भंगार खपवायचं होतं."

माणसं मला नवी नव्हती, पण असा संशय मी पहिल्यांदाच पाहिला. जनकाबाई मिठाची बरणीसुद्धा बोट घालून तपासायच्या. समता फोनवर हसली, की इकडे त्यांचा हात थांबायचा. सुनेला आपल्याला चुलीपासून दूर करायचं आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आम्ही इमानानं तापत होतो. पण वांग्यांना लावलेलं तेल थेंबाथेंबानं आमच्यावर पडायचं आणि आमच्या भोकांत मुरायचं. सहा महिने आम्हाला कुणी उलटवलं नाही की धुतलं नाही. एके दुपारी ते सगळं तेल एकदम पेटलं. हातभर ज्वाला उठली आणि जनकाबाईंच्या पदराचं टोक करपलं.

"ज्योत कोनं वाढवली?"

"म्या बटनाले हातबी नाही लावला."

"मंग काय आपोआप भडकली? मी जळाले पाह्यजे, मंग हॉटेल तुलेच मोकळं."

समतानं भाकरीचं पीठ बाजूला सारलं, आणि त्या दिवसापासून ती कामापुरतं तेवढंच बोलू लागली.

जनकाबाईंनी आम्हाला चिमट्यानं वेचून पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा खिडकीत ठेवला. आता बर्नर उघडा पडला. जिथे ज्योत तिथलं वांगं कोळसा, कडेचं कच्चं. रोजचे एक गुरुजी ताट सरकवून म्हणाले, "काकू, आज भरीत कचकच लागून राह्यलं."

तो घास जनकाबाईंच्याच घशात अडकला असावा. दुसऱ्या दिवशी त्या टोपलीभर दगड घेऊन आल्या. काळे, गुळगुळीत, वजनदार.

"हे आपल्या नाल्यातले. ह्यायले मी लहानपनापासून वळखते."

समतानं एक उचलून पाहिला. "आत्याबाई, वल्ले हायेत हे."

"तुह्या दगडायची बाजू घेऊन राह्यली का?"

आता संशय मला आला. माझ्या अंगात पाणी शिरलं तरी त्याची वाफ भोकांतून निघून जाते. यांचं अंग घट्ट. बारीक भेगेत बसलेलं पाणी तापल्यावर कुठून बाहेर पडणार? पण डब्यातल्या दगडाचं कोण ऐकतं?

ग्रील पेटलं. जनकाबाई वांगं फिरवायला वाकल्या. आतून 'टक्' असा बारीक आवाज झाला. समतानं भाकरी टाकून दिली, सासूला खांद्याला धरून मागं ओढलं, आणि त्याच क्षणी दगड फुटला. एक कपची जनकाबाईंच्या चष्म्यावर आदळली. काच तडकली, डोळ्याखाली रक्त आलं. डोळा वाचला.

सगळं शांत झाल्यावर जनकाबाईंनी विचारलं, "गॅस कोनं बंद केला?"

"म्या."

"अन् मले कोनं ओढलं?"

"म्याच."

जनकाबाईंनी तिचा हात धरला. मग म्हणाल्या, "लय जोरात ओढलं वं. खांदा दुखून राह्यला." पण समताचा हात त्यांनी सोडला नव्हता.

मेहकरहून शेखर नावाचा गॅस-शेगडी दुरुस्त करणारा आला. जनकाबाईंनी त्याला आधी बसूसुद्धा दिलं नाही. "दगड पाह्यजे का नाही? एकच सांग."

"दगडच पाह्यजे असं नाही, मावशी. ज्योत अन् जाळीच्या मधात तापनारं काहीतरी पाह्यजे. स्टीलचा जाड पत्रा छपरासारखा वाकवून टाकला तरी भागते, तेल बाजूनं गळून जाते. लाव्हा दगड तेल पेतात. ते धुवा लागतात, उलटवा लागतात, नाही तं भडका होते. नाल्यातला दगड मात्र कधीच नाही."

"म्हंजे त्या दिवशी तेल पेटलं होतं?"

"तेलच."

जनकाबाईंनी समताकडे पाहिलं. माफी त्यांच्या तोंडून निघाली नाही. "उद्यापासून ज्योत तूच पाह्य," एवढंच त्या म्हणाल्या.

मला मात्र वाईट वाटलं. ज्याच्यासाठी जन्म घेतला असं मानत होतो, ते काम एका वाकवलेल्या पत्र्यानं भागत होतं. पत्रा बसला. वांगी सगळीकडून सारखी भाजू लागली. माझी भावंडं गुलाबाच्या कुंडीत गेली. मला समतानं सोड्याच्या पाण्यात उकळून लख्ख केलं आणि न्हाणीतल्या कट्ट्यावर ठेवलं. आता मी जनकाबाईंची वज्री आहे, टाचा घासायची.

तुमच्याकडे माझे कुणी भाऊबंद असतील, तर त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, पण विचारपूस न करता त्यांना डब्यातही कोंबू नका. मी इथे सुखात आहे.

काल दुपारी जनकाबाई टाचा घासत होत्या. समता बादली घेऊन आली.

"पाय दाखव तुहा. केवढ्या भेगा झाल्या, पाह्य तरी."

समता मागे सरकली. "आत्याबाई, माह्या पायाले हात नका लावू."

"बस गप," जनकाबाई मला पाण्यात बुडवत म्हणाल्या. "हात कोन लावून राह्यलं? दगड लावून राह्यले."