मास्तरांच्या नावाची नळी

मास्तरीणबाईंनी संडासाच्या दारावर टकटक केली आणि आत काही हालचाल होते का, याचा कानोसा घेतला. आतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

"नळी घेतलीत ना आत?"

"घेतली, घेतली."

"मग?"

"अगं, दारात पहारेकरी उभा असला की कुणाचं काम होतं?"

त्या हात झटकत स्वयंपाकघरात गेल्या. आधीच त्यांना कामाला जायला उशीर होत होता.

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई, जरी बाईंनी जन्मात स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता. त्या एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभ्या असत. "आधी आरशात बघा, मग वळा," असं दिवसभर दुसऱ्यांवर ओरडणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र डोळे मिटून सुसाट सुटलेला होता.

नळी म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची एक वस्तू. आत थोडं पाणी, झाकणाला एक बारीक काडी, वर चिकटवलेला नावाचा कागद. काडी शौचाला लावायची, झाकण घट्ट बंद करायचं आणि आरोग्य केंद्रात नेऊन द्यायची. डोळ्यांना दिसत नाही इतकं रक्त असलं तरी तपासणीत सापडतं. एवढंच काम. पण मास्तरांना ते अपमानास्पद वाटत होतं, आणि अपमान वाटला की ते विनोद करत.

नळी आणली होती त्यांच्या मोठ्या बहिणीनं, ताईंनी. भावाला ओळखून असल्यामुळे एकीऐवजी दोन आणल्या होत्या, हरवली म्हणायला नको म्हणून. दोघा भावंडांचे वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले. कळलं तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आला असतात तर. तो 'तर' ताईंच्या घशात तेव्हापासून अडकून बसला होता. त्यांनी स्वतः जाऊन दुर्बिणीनं आतडं तपासून घेतलं. आत वाटाण्याएवढी गाठ निघाली, ती तिथल्या तिथे काढली आणि ताई संध्याकाळी घरी येऊन जेवल्या. ती तशीच राहिली असती तर पुढेमागे तिचाच कॅन्सर झाला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तरांनीही दुर्बिणीची तपासणीच करून घ्यायला हवी होती. पण ते शब्द काढला तरी हसण्यावारी नेत. मग निदान नळी तरी, असं करत ताई तेवढ्यावर आल्या होत्या.

गंमत अशी की, ताई भावाला काही बोलत नसत. त्या फोन करत मास्तरीणबाईंना. अजून नाही दिली? तू जरा मागे लाग ना त्याच्या. तुझं ऐकेल तो. मास्तरीणबाई मागे लागल्या की मास्तर वैतागत, आणि मागे नाही लागल्या की ताई रडवेल्या होत. आतडं मास्तरांचं, काळजी ताईंची आणि डोकं मात्र उठलं होतं मास्तरीणबाईंचं.

तेवढ्यात मास्तर बाहेर आले. चेहरा विजयी. नळी त्यांनी ओट्याच्या कडेला उभी केली.

"घे. झालं एकदाचं. आता तायडीला कळव आणि मला सुखानं जगू दे."

मास्तरीणबाईंना क्षणभर खरंच बरं वाटलं. मास्तर क्लासला निघून गेल्यावर त्यांनी नळी जरा हलवली आणि उजेडात धरली. पाण्यात बारीक रेव खाली बसत होती. तिच्यात एक पांढरं, केसाएवढं मूळ तरंगत होतं. त्या बाल्कनीत गेल्या. मनीप्लांटच्या कुंडीत बोट खुपसल्याची खूण ताजी होती.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नाशी ओलांडलेला बाप्या कुंडीतली माती नळीत भरून बायकोच्या हातात देतो आणि वर सुखानं जगू दे म्हणतो! ताई नळी न्यायला येतच होत्या. आता त्यांना काय सांगायचं? पुन्हा संध्याकाळचा फोन, पुन्हा ते रडणं, पुन्हा सकाळी दारावर टकटक. त्यांना हे सगळं नको झालं होतं, अगदी मनापासून नको झालं होतं.

लॉन्ड्रीत त्यांचं काम एकच होतं. आलेल्या प्रत्येक कपड्याला गिऱ्हाइकाची चिठ्ठी लावायची. इतक्या वर्षांत एकाचा कोट दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता. इस्त्रीवाले म्हणत, बाई झोपेतसुद्धा चिठ्ठी चुकणार नाहीत. त्याच बाईंनी मास्तरांच्या नावाचा कागद मातीच्या नळीवरून नखानं हळूच सोडवला, जराही न फाडता, आणि दुसऱ्या नळीवर नीट बसवला. ती नळी घेऊन त्या संडासात गेल्या आणि दार लावलं.

एकाच घरातलं अन्न, एकच पाणी, त्यात काय निघणार आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मास्तरांची तब्येत दगडासारखी, त्यांना काही झालेलं नाही, हे त्या धरूनच चालल्या होत्या. ताई आल्या, पिशवीत नळी ठेवली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, तू होतीस म्हणून झालं हो. मास्तरीणबाईंना तेवढं मात्र लागलं.

पुढे घरात शांतता नांदली. फोन बंद झाले. आपण पकडलो गेलो नाही म्हणून मास्तर खुशीत होते, आणि मास्तरीणबाई त्यांना तसं खुशीत राहू देत होत्या.

रविवारी दुपारी ताई न कळवता आल्या. भाऊ फोन उचलत नाही म्हणून आरोग्य केंद्रात त्यांनी आपला नंबर दिला होता. खुर्चीच्या कडेवर बसून, पर्स पोटाशी धरून त्यांनी सांगितलं की रक्त सापडलंय. रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, असं तिथल्या सिस्टर दोनदा म्हणाल्या. पण आता दुर्बिणीनं बघायलाच हवं, आणि लवकर. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला.

मास्तर आधी बावचळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं आणि ते मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"तायडे, अगं, ती कुंडीतली माती होती! कुंडीला दाखल करा आता."

त्यांनी सगळा पराक्रम रंगवून सांगितला. कसं बोट खुपसलं, कशी काडी फिरवली. वर, मातीत रक्त शोधणाऱ्या तपासणीची त्यांनी यथेच्छ टर उडवली. ताई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी सुटका झाल्यासारखा सैलावला आणि मग पांढराफटक पडला.

"बाबापण असेच हसायचे," त्या म्हणाल्या. "मी रिक्षा दारात उभी करायचे आणि ते हसायचे."

मास्तरांचं हसू ओसरलं, पण तोंड अजून तसंच होतं. ताई उठल्या. यापुढे मी या घरात या विषयावर एक शब्द बोलणार नाही, तुझं तू बघ, असं म्हणत त्या दाराशी जाऊन चपला शोधू लागल्या. मास्तर ओशाळून बायकोकडे बघत होते, तू तरी समजाव हिला, अशा नजरेनं.

मास्तरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मनात एकेक गोष्ट वर येत होती. पांढऱ्या भांड्यात कधीतरी दिसलेली लाल रेघ. दिवसभर उभं राहून मूळव्याध झाली असेल, असं म्हणून त्यांनी ती पाण्याबरोबर सोडून दिली होती. एकदा नाही, बऱ्याचदा. लॉन्ड्रीचा जिना चढताना लागणारा दम. वय झालं आता, त्या म्हणायच्या. ताई दारातून निघून गेल्या की संपलंच होतं सगळं. माती म्हणजे मातीच, हे सगळ्यांना पटलेलं होतं. कुणी विचारणार नव्हतं. आणि त्यांना लाज वाटत होती, नुसत्या रक्ताची नाही, त्या नळीची, कागद नखानं सोडवल्याची, ताईंनी पाठीवरून फिरवलेल्या हाताची.

ताईंनी कडी काढली.

"ताई, ती माती नव्हती."

"नसेल," मास्तर म्हणाले. "शेणखत असेल."

"तुमची नळी मी टाकून दिली," मास्तरीणबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "दिली ती माझी होती."

मास्तर बायकोकडे बघत राहिले, जणू ती घरात आत्ताच आली होती. त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली आणि तिच्याजवळ ठेवली.

ताई दारातून परत आल्या. मास्तरीणबाईंना वाटलं, आता या बोलतील, आणि बोलल्या तर बरंच होईल. पण ताईंनी त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असतानाही.

"काही दिसायचं का तुला? रक्तबिक्त?"

मास्तरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

इतके दिवस या घरात रक्ताबद्दल एवढं बोलणं झालं होतं, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मूळव्याध असेल हो, हे शब्द ओठांवर तयारच होते. त्यांनी ते गिळले.

"उन्हाळ्यापासून," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्याच्याही आधीपासून."