आज वर्गात काय झालं

माझ्या नवऱ्याने पालकांच्या ग्रुपचं नाव 'दुसरं सासर' ठेवलंय. पहिल्या सासरी निदान एकच सासू होती, आणि तीही दुपारी झोपायची. इथे सातवीच्या वर्गात जेवढी मुलं तेवढ्या सासवा, आणि डोळा कोणाचाच लागत नाही. घरी येऊन मी भाजी चिरायला घेते न घेते तोच फोन वाजतो. 'मॅडम, उद्या चुंबक आणायचंय का?' हो, आणायचंय, मी तिसऱ्याच ओळीत लिहिलंय, पण तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायचं कोणी!

नियम मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा. 'आज वर्गात काय झालं' अशा मथळ्याचा मेसेज रोज शाळा सुटायच्या आत प्रत्येक शिक्षकाने ग्रुपवर टाकायचा. बाकीचे दोन ओळींत गुंडाळतात. मला मात्र विज्ञान शिकवायची हौस आणि लिहायची खोड. जळत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला, तर ग्लास केवढा होता, ज्योत आधी कशी बारीक झाली, मुलांनी काय काय अंदाज बांधले, सगळं लिहायचं. एवढं वाचत होता एकच माणूस, एका मुलीचे वडील. मेसेज पडला रे पडला की त्यांचं उत्तर हजर: 'खूप छान आणि सविस्तर माहिती, मॅडम. धन्यवाद.' सोबत जोडलेले हात. मी मनात त्यांना धन्यवादकाका म्हणते. खोटं कशाला सांगू, त्या एका ओळीसाठी मी शिकवता शिकवताच मेसेज रचायला लागायचे.

त्यांची मुलगी चिमणी. आवाज एवढासा, म्हणून वर्गाने पाडलेलं नाव. हुशार म्हणावी तर कधी हात वर करत नाही, ढ म्हणावी तर पेपर कधी वाईट नाही. अशी मुलं शिक्षकांच्या डोळ्यांत भरत नाहीत, तशी ती माझ्याही भरली नव्हती.

मग नाडीचा प्रयोग आला. आधी स्वस्थ बसून ठोके मोजायचे, मग उड्या मारून. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहायचे आणि फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. चिमणीचे बसल्या जागचे ठोके इतरांच्या उड्या मारून झालेल्या ठोक्यांपेक्षा जास्त निघाले. जोडीदारणीने चुकीचं मोजलं असेल म्हणून मी स्वतः मनगट धरलं. मोजणी बरोबर होती आणि हात गार पडला होता.

"काय गं, पळत आलीस की काय?"

"नाही, बाई."

"बरं वाटत नाही?"

"वाटतंय." मग अगदी हळू म्हणाली, "बाई, आज थोडंच लिहाल का?"

"काय थोडं?"

"मेसेज."

बाकीची मुलं धाडधाड उड्या मारत होती. त्या गोंगाटात तिने सांगून टाकलं. जेवणं झाली की बाबा मेसेज उघडतात, एकेक वाक्य वाचतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. तिने उभं राहून उत्तरं द्यायची. एखादं चुकलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून. बाबा मारत नाहीत, ओरडतही नाहीत, नुसते खुर्चीत बसून वाट बघतात. आई मध्ये पडली, तरी सगळं पहिल्यापासून.

"मेणबत्तीच्या दिवशी खूप उशीर झाला," ती म्हणाली. "तुम्ही ग्लासचं पण लिहिलं होतं ना."

तो मेसेज मी नवऱ्याला कौतुकाने वाचून दाखवला होता.

त्या दिवशी मी लिहिलं, 'नाडीचे ठोके मोजले. मुलांना मजा आली.' फोटो टाकणं भाग होतं, म्हणून चिमणीचा आकडा पुसून चारचौघांसारखा केला. प्रयोगाचा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा बदलला. इकडे दुसरं सासर पेटलं. एका आईने विचारलं, आमच्या मुलाचे ठोके त्याच्या शेजारच्यापेक्षा कमी का? दुसरीने विचारलं, हे वार्षिक निकालात धरणार का? एका वडिलांना तर ठोके वाढवायला घरी काय सराव घ्यावा ते हवं होतं. एरवी मी आठवडाभर हसले असते. धन्यवादकाकांचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं: 'मॅडम, आज माहिती त्रोटक वाटली.' जोडलेले हात होतेच.

पुढेही मी त्रोटकच लिहीत राहिले. शेवटी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं.

"तुमचे मेसेज मी बाकीच्यांना दाखवायचे. झालं काय एकदम? त्या गृहस्थांनी पालक समितीत विषय काढलाय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मारतात?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"नाही."

"मग तक्रार काय लिहू? वडील मुलीचा अभ्यास घेतात, अशी?" त्या वाईट नाहीत. मग म्हणाल्या, "आणि बोलावून विचारलंच, तर घरी जाऊन ते पहिलं काय विचारतील? शाळेत कोणी सांगितलं, हेच ना? तेव्हा तिच्याजवळ तुम्ही असणार आहात का?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"उद्यापासून पूर्वीसारखं लिहा. तुमच्या कायम नेमणुकीचा कागदही त्याच समितीपुढे जायचाय, बाई. मी आपलं आठवण करून देते."

माझी पुरती कोंडी झाली. लिहावं तर ती उभी राहणार, न लिहावं तर मी घरी बसणार, आणि माझ्या जागी येणारी नवी बाई सविस्तरच लिहिणार. मला संताप येत होता, पण तो काढायचा कोणावर?

मग मी एक शक्कल लढवली. आमचा तास सकाळी असतो. तो झाला की मधल्या सुट्टीत चिमणीने प्रयोगशाळेत यायचं आणि मेसेज दोघींनी मिळून लिहायचा. मी वाक्य म्हणायचं, तिने ते तपासायचं. "हे नको, बाई, यावर ते 'का' विचारतील." मग ते वाक्य काढायचं, नाहीतर त्याचं 'का' तिच्याकडून पक्कं करून घ्यायचं. खिडकीखाली मैदानात पोरींचा दंगा चाललेला असायचा. ती डबा माझ्या टेबलावरच संपवायची. पण घरचा कार्यक्रम लवकर आटपू लागला, तिच्या डोळ्यांखालचं काळं उतरलं. एकदा तर ती मला म्हणाली, "बाई, 'अत्यंत' काढा. बाबा म्हणतील, अत्यंत म्हणजे किती?" दोघी खूप हसलो. मी जिंकले असं मला वाटलं. अभिमानही वाटला, कबूल करते.

एक दिवस आम्ही पाण्याच्या दाबावर लिहीत होतो, तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर धन्यवादकाका होते. 'मॅडम, मुलगी आता सगळी उत्तरं न अडखळता देते. श्रेय तुमचं. आता जरा अवघड पाठवत जा. सोबत रोज वीस प्रश्न दिलेत, तर सगळ्याच मुलांचं भलं होईल.' खाली पटापट अंगठे उमटू लागले. त्यात मोठ्या बाईंचाही होता.

मी फोन पालथा घातला, पण तिने वाचलं होतं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"खेळाच्या तासाला पण येऊ का, बाई?"

"ये," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? "आता वेळ आहे तोवर थोडे प्रश्न करून टाकू. खोल जावं तसा पाण्याचा दाब का वाढतो?"

ती खुर्ची मागे सारून उभी राहिली. हात पाठीमागे घेतले.

"अगं, इथे कशाला उभी राहतेस? बस की."

"बसून मला आठवत नाही, बाई."

तिने उभ्यानेच उत्तर दिलं. ते बरोबर होतं. मी पुढचा प्रश्न विचारला.